स्किल चॅलेंज रटाळ का होते, आणि ते कसे चालवावे

देवगडहून आलेल्या तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे खेळाडूंनी एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची आणि अवघड कृतीचा निकाल फाशाने लावायचा असा टेबलावरचा खेळ; त्याची पाचवी आवृत्ती, चार खेळाडू, सगळी पात्रे तिसऱ्या पातळीवर. श्रावणातल्या वादळी रात्री लुटीची पेटी आणि जखमी तांडेल (नावेचा प्रमुख) घेऊन मचवा खाडीच्या मुखातून आत आणायचा, असा प्रसंग तुम्ही रचला आणि ‘तीन अपयशे येण्यापूर्वी सहा यशे’ या हिशेबाने, डीसी (यशासाठी फाशाने गाठायचा आकडा) १५ ठेवून, स्किल चॅलेंज म्हणून, म्हणजे कौशल्यांच्या अनेक रोलांची यशापयशे मोजत, चालवलात. खेळाडूंनी आपापल्या शीटवरचा (पात्राच्या माहितीच्या कागदावरचा) कौशल्याचा सगळ्यात मोठा आकडा शोधला. ‘मी ऍथलेटिक्स टाकतो’, ‘मीपण’ असे रोल होत गेले. मधेच एक जण मोबाइलमध्ये शिरला. आणि तिसरे अपयश येऊन मचवा बुडाला तेव्हा पुढे काय सांगायचे हे तुम्हालाच सुचेना. आकडे चुकले का, पद्धतच निरुपयोगी आहे का, अपयशानंतर गोष्ट अडकू नये म्हणून काय करावे, आणि ‘हे स्किल चॅलेंज आहे’ असे खेळाडूंना आधी सांगावे का, असे तुमचे प्रश्न आहेत.

आकडे चुकले, हे खरे आहे. पण टेबल थंड पडले ते आकड्यांमुळे नव्हे. यशापयशाची मोजणी ही जीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, वही आहे आणि तुमच्या सेशनमध्ये ती वहीच खेळ होऊन बसली. प्रत्येक रोलनंतर मचव्याची, समुद्राची किंवा माणसांची स्थिती बदलली नाही, म्हणून दुसऱ्या खेळाडूला पहिल्यापेक्षा वेगळे काही करण्याचे कारणच उरले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, रोलपूर्वीचे आणि रोलनंतरचे चित्र वेगवेगळ्या वाक्यांत सांगता येत नसेल तर तो रोल टाकूच नये. बाकीचे सगळे तपशील यातून निघतात.

तरीही आकड्यांपासून सुरुवात करू, कारण तिथला दोष दुरुस्त करणे सगळ्यात सोपे आहे. तिसऱ्या पातळीवर ज्या कौशल्यात पात्र प्रवीण आहे तिथे फाशावरच्या आकड्यात साधारण अधिक ५ मिळतात. डीसी १५ ला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा त्याहून जास्त पडावे लागते, म्हणजे एका रोलच्या यशाची शक्यता ५५ टक्के. हे ऐकायला वाईट वाटत नाही. परंतु याच शक्यतेने तीन अपयशांच्या आधी सहा यशे गोळा करायची असतील, तर एकूण यशाची शक्यता जेमतेम २२ टक्के उरते. तुमच्या खेळाडूंचा मचवा बुडणे हे दुर्दैव नव्हते. पाचांतल्या जवळजवळ चार वेळा तो बुडणारच होता. डीसी १२ ठेवला असता तर एका रोलची शक्यता ७० टक्के आणि पूर्ण प्रसंगाची ५५ टक्के झाली असती, आणि डीसी १० ला हेच आकडे ८० आणि ८० असे येतात. पाचव्या आवृत्तीत डीसी १५ ला ‘मध्यम’ म्हटले आहे ते एकट्यादुकट्या रोलसाठी बरोबर आहे. रोलांची माळ ओवायची असेल तेव्हा तो मध्यम राहत नाही. शिवाय वरचे आकडे प्रवीण पात्राचे आहेत. ज्याच्याकडे अधिक १ आहे त्याला डीसी १५ ला ३५ टक्केच मिळतात, आणि हे त्याला शीटकडे एकदा पाहूनच कळते. मग तो गप्प बसतो किंवा मोबाइल उघडतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण बरेच जण ती ऐकीव स्वरूपात उचलतात. ‘स्किल चॅलेंज’ हा नियम २००८ च्या चौथ्या आवृत्तीतला. लढाईला जसे नियम असतात, तसेच पाठलाग, वाटाघाटी, अरण्यातला प्रवास यांनाही असावेत आणि त्यांचे अनुभवगुणही मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. मूळ छापील तक्त्यात चार यशांना दोन अपयशांची मुभा होती आणि ती वाढत वाढत बारा यशांना सहा अपयशांपर्यंत जात होती. यातून एक विचित्र गोष्ट घडत होती: दर रोलला ७५ टक्के शक्यता असलेल्या कुशल पात्रांना ‘सोपे’ चॅलेंज ६३ टक्के वेळा जिंकता येई, आणि सगळ्यात ‘अवघड’ मात्र सुमारे ७७ टक्के वेळा. त्याच वर्षी दुरुस्ती निघाली, यशे कितीही हवी असली तरी अपयशे तीनच असे ठरले, आणि डीसी खाली आणले गेले. मूळ नियमात लढाईसारखा इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी हे ठरवणारा रोल) टाकून प्रत्येकाने पाळीने रोल करायचा होता. तोही पुढे गळून पडला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा नियम मुळी नाहीच. त्यामुळे तुम्ही जे वापरलेत ते चौथ्या आवृत्तीची मोजणी आणि पाचव्या आवृत्तीचे डीसी यांचे मिश्रण होते, आणि ही दोन एकमेकांसाठी बेतलेली नाहीत.

आकड्यांबाबत माझा प्रघात असा आहे: एका बैठकीत उरकायच्या प्रसंगाला चार किंवा सहा यशे, तीन अपयशे, नेहमीचा डीसी १२, आणि खेळाडूने परिस्थितीचा चांगला उपयोग करून घेतला तर डीसी दोनने कमी, ओढूनताणून कौशल्य बसवले तर दोनने किंवा तीनने जास्त. सहा यशांच्या चॅलेंजला जास्तीत जास्त आठ रोल लागतात, म्हणजे चार खेळाडूंच्या दोन फेऱ्या. बारा यशांचे चॅलेंज एका दमात चालवू नये. ते रत्नागिरीहून घाटावर जाण्यासारख्या अनेक दिवसांच्या प्रवासाला ठेवावे आणि मुक्कामामुक्कामाला दोन-दोन यशांत वाटून टाकावे.

आता मुख्य मुद्दा. तयारी करताना बहुतेक जीएम कौशल्यांची यादी करतात: ऍथलेटिक्स चालेल, सर्व्हायव्हल (रानावनात तगणे) चालेल, परसेप्शन (निरीक्षण) चालेल. ही यादी खेळाडूंपर्यंत या ना त्या वाटेने पोहोचतेच, आणि मग त्यांचे काम यादीतले आपले कौशल्य शोधणे एवढेच उरते. त्याऐवजी अडचणी लिहाव्यात. तुमच्याच प्रसंगाच्या अडचणी मी लिहिल्या असत्या त्या अशा. मचवा बाहेर खोल पाण्यात आहे, पाऊस आहे, किनाऱ्यावरचा दिवा दिसत नाही आणि खाडीचे मुख नेमके कुठे आहे ते कळत नाही. मुखाशी वाळूचा बांध आहे, तिथे पाणी उथळ असल्याने लाटा फुटतात, आणि ओहोटी चालू असेल तर खाडीतून बाहेर पडणारा प्रवाह येणाऱ्या लाटांना समोरून भिडून त्या आणखी उभ्या करतो. भरतीची वाट पाहिली तर बांध सोपा होईल, पण तोवर तांडेल टिकेल का? आणि बांध ओलांडला की आत, धक्क्याजवळ, पहारा आहे. कोकणात वाढलेल्या वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद का असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून का ठेवतात, हे घराघरांत ठाऊक असते.

अशा तीन अडचणी हाताशी आल्या की सहा यशे आपोआप दोन-दोनमध्ये वाटली जातात आणि प्रत्येक टप्प्याचा प्रश्न निराळा होतो. पहिल्या टप्प्यात ‘मुख कुठे आहे’, दुसऱ्यात ‘बांध कसा ओलांडायचा आणि केव्हा’, तिसऱ्यात ‘दिसणार नाही असे आत कसे जायचे’. पहिल्या टप्प्यात ज्याच्या परसेप्शनवर सगळे विसंबले होते, त्याचे दुसऱ्या टप्प्यात फारसे काम नसते. वल्ह्यावर ताकद लावणारा तिसऱ्या टप्प्यात उलट ओझे होतो, कारण वल्ह्याचा आवाज धक्क्यापर्यंत जातो. तेच कौशल्य पुन्हा वापरू देऊ नये असा नियम काही जण करतात. मला तो पटत नाही. त्या नियमाने चौथा खेळाडू वादळात मचवा सांभाळायला ‘हिस्टरी’ वापरू पाहतो आणि टेबलावर हशा पिकतो. परिस्थिती खरोखर बदलत असेल तर कौशल्ये आपणहून बदलतात.

प्रत्यक्ष टेबलावर हे कसे दिसते ते दुसऱ्या टप्प्यापुरते दाखवतो. खेळाडू म्हणते, ‘मी ऍथलेटिक्स टाकते.’ यावर फासा मागायचा नाही. ‘तुझे पात्र काय करते आहे?’ एवढे विचारायचे. ती म्हणते, ‘सुकाणू धरते.’ आता तुमच्याकडे धरायला काहीतरी आले. ‘तांडेल खाली पडला आहे, सुकाणू मोकळे फिरते आहे, ते धरायला तुला पुढून मागे यावे लागेल, पण मचव्यात गुडघाभर पाणी आहे आणि आतापर्यंत ते तूच उपसत होतीस. तू सुकाणूवर गेलीस तर पाणी कोण काढणार?’ इथे ती एकटी बोलत नाही, बाकीचे तिघे उत्तर देऊ लागतात. आमच्याकडचे खेळाडू अशा वेळी नियमांची इंग्रजी सोडून सरळ मालवणीत येतात, ‘मी सुकाणू धरतंय, तू पाणी उपस’, आणि ते ऐकू आले की चॅलेंज रुळावर आहे असे मी समजतो. त्यानंतर दोन गोष्टी उघड सांगायच्या: ‘जमले तर मचव्याचे नाक लाटेला सरळ होईल आणि पुढच्या माणसाला बांधातली फट दिसेल. नाही जमले तर मचवा आडवा होईल आणि पेटी बांधलेली दोरी तुटेल.’ मग फासा.

त्या शेवटच्या दोन वाक्यांचे महत्त्व फार आहे. रोल यशस्वी झाला तर पुढच्या खेळाडूच्या हाती एक नवी वस्तुस्थिती येते: फट दिसते आहे. अयशस्वी झाला तरीही येते: पेटी घरंगळते आहे. तिसरा खेळाडू आता पेटीवर झडप घालतो की पाणी उपसत राहतो, हा खरा निर्णय आहे, आणि तो घेताना त्याला शीटकडे पाहावे लागत नाही. अपयश म्हणजे वहीत एक फुली एवढेच ठेवले की खेळाडूला तीन फुल्यांपर्यंत काहीच जाणवत नाही आणि तिसऱ्या फुलीला आभाळ कोसळते. तुमच्याकडे नेमके तेच झाले.

मदतीचा नियम इथे सांभाळून वापरावा लागतो. पाचव्या आवृत्तीत साथीदाराने मदत केली की रोलला ऍडव्हांटेज मिळतो, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. पंचावन्न टक्क्यांचा रोल त्यामुळे ८० टक्क्यांच्या घरात जातो. सगळ्यात तरबेज पात्राने दर वेळी रोल टाकायचा आणि बाकीच्यांनी ‘मी मदत करतो’ म्हणायचे, ही युक्ती कोणत्याही टेबलाला दोन सेशनमध्ये सापडते. ती बंद करू नये. तिला किंमत लावावी. मदत करणाऱ्याचे हात गुंतलेले आहेत, म्हणजे या फेरीत त्याचा स्वतःचा रोल नाही, आणि अपयश आले तर त्याचा फटका त्यालाही बसतो. सुकाणूवर दोघे असतील आणि लाट आदळली तर दोघेही फेकले जातात. सर्वांनी एकच काम करायचे असेल, उदाहरणार्थ सगळ्यांनी वाकून पाणी उपसायचे असेल, तर गटाचा चेक घ्यावा: निम्मे किंवा अधिक यशस्वी झाले तर गट यशस्वी, आणि मोजणीत ते एकच यश. गप्प खेळाडूंना बोलते करायला हा चांगला मार्ग आहे. इनिशिएटिव्हची मला गरज वाटत नाही. मात्र प्रत्येकाचे एकदा झाल्याशिवाय कोणाचे दुसऱ्यांदा नाही, एवढी फेरी पाळतो, आणि फेरीची सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून करतो.

मंत्रांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या वेळी विचाराल. खर्च होणारा मंत्र वापरून खेळाडूने अडचणीवर थेट घाव घातला तर रोल न मागता एक यश द्यावे. ‘गस्ट ऑफ विंड’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र मिनिटभर चालतो. बांधाजवळ शिडात वारा भरायला तो वापरला तर यश द्यायला हरकत नाही, कारण तिसऱ्या पातळीच्या विझार्डकडे तसले मंत्र टाकण्याच्या दोनच संधी (स्लॉट) असतात आणि त्यातला एक त्याने इथे जाळला. धुके पसरवणारा ‘फॉग क्लाउड’ तिसऱ्या टप्प्यात पहाऱ्याचे डोळे झाकतो, पण स्वतःच्या वाटाड्याचेही झाकतो, म्हणून यश द्यावे आणि पुढच्या रोलला ती अडचण लावावी. बिनखर्चाच्या मंत्रांना मात्र परिस्थितीच्या चौकटीत तपासावे. ‘मेंडिंग’ने फुटभराच्या आतली चीर सांधता येते आणि त्याला एक मिनिट लागते. सुकाणूची तुटलेली खुंटी त्याने जुळेल, उभे फाटलेले शीड जुळणार नाही. आणि लाटा फुटत असताना ते मिनिट कुठून आणायचे, हे खेळाडूंना ठरवू द्यावे.

आता तिसरे अपयश. प्रसंग लिहितानाच, पहिल्या रोलच्या कितीतरी आधी, तिसऱ्या अपयशानंतरच्या प्रसंगाची पहिली दोन वाक्ये लिहून ठेवावीत. ती सुचत नसतील तर तिथे चॅलेंज ठेवू नये, कारण मग तुम्हाला पात्रे यशस्वीच व्हायला हवी आहेत आणि फासा हा केवळ देखावा आहे. अशा वेळी सरळ ‘तुम्ही पहाटे धक्क्याला लागता’ असे सांगून पुढे जावे. तुमच्या प्रसंगात मी असे लिहिले असते: मचवा बांधावर बसतो, पात्रे वाळूवर फेकली जातात, पेटी प्रवाहाबरोबर खाडीच्या पलीकडच्या तीरावर जाते, आणि त्या तीरावर पहारेकऱ्यांचे कंदील हलू लागले आहेत. म्हणजे पात्रे खाडीत पोहोचली, पण मचव्याशिवाय आणि पेटीशिवाय. गोष्ट थांबली नाही; महाग झाली. अधल्यामधल्या अपयशांची किंमतही अशीच आधी विचारात घ्यावी: वेळ जातो, सामान जाते, आवाज होतो, एखाद्याचा विश्वास उडतो, एखादी वाट बंद होते. हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) कमी करणे ही सगळ्यात आळशी किंमत आहे, कारण एका विश्रांतीत ती वसूल होते आणि कोणालाच आठवत नाही.

मोजणी खेळाडूंना दाखवावी की लपवावी, यावर जुना वाद आहे. यशांचा आकडा सांगू नये आणि धोक्याचा मात्र सगळ्यांसमोर मांडावा, असे माझे मत आहे. २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळाने चार, सहा किंवा आठ भागांचे वर्तुळ कागदावर काढून एकेक भाग भरत जाण्याची रीत लोकप्रिय केली. ती कोणत्याही नियमावलीत चालते. किनाऱ्यावरच्या खेळांसाठी तर आपल्याकडे तयार घड्याळ आहेच, आणि ते म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटे लागतात, म्हणून सहा भागांच्या वर्तुळातला एक भाग म्हणजे ढोबळमानाने एक तास. पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक.

याचा उपयोग कसा होतो ते एका प्रसंगावरून सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा आहे आणि तुम्ही तो जसाच्या तसा उचललात तरी चालेल. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला किनाऱ्यावरून चालत गाठता येतो आणि भरतीला त्याच्या चारही बाजूंना पाणी होते. कान्होजी आंग्र्यांचा काळ घ्यावा, म्हणजे १७२९ पूर्वीचा. किल्ल्यात कारभार चालू आहे, दरवाजावर चौकी आहे. पात्रांना जखमी जासूद आणि त्याच्याजवळचे मोहोरबंद पत्र किल्ल्यात पोहोचवायचे आहे, मागे किनाऱ्यावर शोध चालू आहे, आणि ओहोटी नुकतीच पुरी झाली आहे. कागदावर बारा भागांचे वर्तुळ काढून मध्यभागी ‘पाणी’ लिहावे. पात्रांनी किनाऱ्यावर घालवलेल्या दर तासाला वरच्या हिशेबाने भाग भरायचे: एक, मग दोन, मग तीन. पहिल्या तासानंतर खेळाडूंना वाटते की पाण्याची घाई नाही, बैलगाडी मिळवू, जासुदाला पट्टी बांधू, पाठलाग करणाऱ्यांना चकवा देऊ. तिसऱ्या तासाला तीन भाग एकदम भरले की टेबलावरचा सूर बदलतो. सहा भाग भरले म्हणजे कमरेएवढे पाणी, जखमीला उचलून न्यावे लागेल. नऊ भरले म्हणजे चालणे संपले, आता पोहणे किंवा होडी. तुम्हाला एकही धमकी द्यावी लागत नाही. उधाणाची (जास्त चढणारी) भरती असेल तर कमरेएवढे पाणी पाच भागांवरच धरावे, भांगाची (कमी चढणारी) असेल तर सातावर.

या प्रसंगात खेळाडूने स्वतःच्या माहितीचा उपयोग केला तर त्याला आडकाठी करू नये. ज्याच्या घरी मासेमारी आहे तो विचारेल, ‘तिथी कोणती आहे?’ अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास उधाण असते हे त्याला माहीत आहे. काल ओहोटी किती वाजता होती हे तो कोळणीला विचारेल आणि आजची पन्नास मिनिटे पुढे धरेल. त्याच्या पात्राच्या शीटवर ‘सर्व्हायव्हल’ नाही म्हणून ही माहिती नाकारणे मला कद्रूपणाचे वाटते. त्याने प्रश्न बरोबर विचारला, त्याला बिनफाशाचे यश द्यावे. मालवण-देवगडच्या खेळाडूंना मात्र अलिबागच्या पाण्याचा अंदाज चुकू शकतो, कारण उत्तरेकडे जावे तशी भरती-ओहोटीची उंची वाढत जाते.

वाटाघाटींसाठी ही मोजणी मी जवळजवळ वापरत नाही. एका माणसाचे मन वळवायचे असेल तेव्हा सहा वेळा ‘पर्सुएजन’ टाकण्यात काही अर्थ नसतो. तो माणूस सहा वेळा तेच ऐकत बसणार नाही. किल्लेदार दरवाजा उघडत नसेल तर त्याचे तीन आक्षेप लिहावेत: पत्रावरची मोहोर खरी कशावरून, जासुदाला इथे कोण ओळखते, आणि रात्री दरवाजा न उघडण्याची वरची ताकीद कोण मोडणार. पात्रांनी जो आक्षेप पुराव्याने दूर केला त्याला फासा नाही. जो केवळ शब्दांनी दूर करायचा आहे त्याला एक फासा. तिन्ही सुटले की दरवाजा उघडतो, आणि एखादा कायमचा चिघळला तर किल्लेदार पत्र आत घेतो पण माणसांना बाहेर ठेवतो, पाणी चढत असताना.

राहिला प्रश्न आधी सांगावे का याचा. ‘आता स्किल चॅलेंज सुरू होते आहे’ ही घोषणा करू नये, कारण ती ऐकताच सगळे शीट उचलतात. परंतु काय पणाला लागले आहे ते लपवूही नये. ‘पुढचा तासभर मचवा तुमच्या हातात आहे, प्रत्येकाला किमान दोनदा काहीतरी करावे लागेल, आणि मी प्रत्येक वेळी फसले तर काय होईल ते आधी सांगेन’ एवढे बोलून पहिल्या अडचणीचे वर्णन सुरू करावे. नवख्या खेळाडूंच्या गटात पहिल्या प्रसंगाला चार यशे आणि डीसी १२ ठेवा. प्रवीण पात्रांना ते साधारण ७४ टक्के वेळा जमते, आणि जिंकतानाही एक-दोन अपयशांची किंमत मोजावी लागण्याची बरीच शक्यता उरते. मचव्याचा तोच प्रसंग पुन्हा चालवायचा विचार असेल तर तो बांधावरून, वाळूत फेकल्या गेलेल्या पात्रांपासून सुरू करा. पेटी अजून पलीकडच्या तीरावर आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला आता मचवा नाही.